डोंगर पेटत नाही

त्याला सगळे काडीमास्तर म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी, वैताग जास्त असायचा. गाद्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेला माणूस. काम एकच. गादीत भरायचा फोम, वरचं कापड, शिवायचा दोरा, जे काही येईल त्याचा बोटभर तुकडा कापायचा, पत्र्याच्या ताटलीत ठेवायचा, काडी ओढायची आणि दहा अंक मोजेपर्यंत ज्योत त्याला लावून धरायची. पेटत राहिलं तर नापास, विझलं तर पास. निवृत्त झाला तेव्हा कारखाना सुटला, काडी काही सुटली नाही. कुणाच्या घरी नवे पडदे दिसले की हा खालच्या कडेचा एक दोरा उपसून खिशात घालणार, तोही घरच्या बाईच्या डोळ्यांदेखत. लोक त्याला चहाला बोलवेनासे झाले ते उगीच नाही.

लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बायको पण आधी तपासून घेतली असती, मग कोण तयार होणार?" विनोद जुना होता, हसणारे संपले होते. जवळचं म्हणावं असं माणूस म्हणजे थोरला भाऊ आणि भावाची मुलगी. बस्स.

थोरला भाऊ बस चालवायचा. गुडघे गेले, मग बस गेली, आणि पाठोपाठ दोन वर्षांत बायकोही गेली. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. महिन्यातून एकदा डॉक्टरकडे जायला तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरायचा आणि वर येईपर्यंत अर्धमेला व्हायचा. अशा माणसाला काहीतरी नाद हवाच. त्याने छोटी रेल्वे सुरू केली. आधी एका मोडक्या दारावर गोल फिरणारा रूळ आणि एक इंजिन. मग स्टेशन आलं, यार्ड आलं, पूल आला. सोफा गेला, कपाट गेलं, शेवटी पलंगही बोळात गेला आणि पुढची खोली सगळी रेल्वेची झाली. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, कपडे धुण्याची यंत्रं, पंखे, फ्रीज दुरुस्त करायची. रेल्वेचं वायरिंग तिचं. बापाला आणि काकाला मिळून जेवढी वीज कळत होती तेवढी तिच्या करंगळीत होती.

गावात अशा हौशी लोकांचं एक मंडळ होतं. जुन्या छापखान्याच्या तळघरात त्यांनी तीस फुटांची रेल्वे मांडली होती. भावाच्या ओळखीने काडीमास्तर तिथे शिरला आणि पंधरा दिवसांत त्याने सगळ्यांच्या नाकात दम आणला. "हे सगळं कशाचं आहे ते तरी बघितलंय का?" असं म्हणून त्याने टेबलाच्या कडेला पत्र्याची ताटली मांडली. रंगवलेल्या लाकडाच्या भुशाचं गवत धुमसत राहतं, लवकर विझत नाही. पुठ्ठ्याची घरं सरळ पेटतात. रुळांखालचं बुचाचं पान काळं पडतं पण जळायला वेळ घेतं. प्लास्टरच्या पट्टीला काही होत नाही. एका निवृत्त दंतवैद्याने राळेची नदी केली होती, सहा महिने खपून. काडीमास्तरने तिच्या काठाचा ढलपा मागितला तेव्हा दंतवैद्य म्हणाला, "तुम्ही काय, पुराच्या पाण्यालाही काडी लावाल."

पण लोक ऐकायला लागले. कारण हा माणूस खरंच बघायचा, तोंडची वाफ दवडायचा नाही. नापास वस्तू तो स्वतः बाहेर नेऊन टाकायचा, पास झालेल्या वस्तूला मागच्या बाजूने हिरव्या रंगाचं एक बोट लावायचा. हळूहळू असं झालं की हिरवं बोट नसलेली वस्तू कुणी रेल्वेवर ठेवेना.

डोंगर करायला सगळे थर्मोकोल वापरायचे. हलका, सुरीने कापता येतो, वर पातळ प्लास्टर लावलं की दगड वाटतो. पांढरा थर्मोकोल, टीव्हीच्या खोक्यात येतो तो, काडीमास्तरने पहिल्याच दिवशी नापास केला. भडकन पेटला आणि जळते थेंब ताटलीत पडले. मग त्याने दुकानं पालथी घालून घरांच्या भिंतींत घालायला येणारी थर्मोकोलसारखीच निळसर पाटी शोधली. ती लवकर आग धरत नाही असं दुकानदार म्हणाला. काडीमास्तर दुकानदाराच्या शब्दावर थोडाच राहणार! त्याने वीस तुकडे कापले, वीस काड्या ओढल्या. वीसही वेळा तुकडा ज्योतीपासून आक्रसला, वितळून मागे सरकला आणि काडी काढताच विझला. पास. मंडळाचे डोंगर निळे झाले. भावाचा डोंगर तर सगळ्यांत मोठा, खोलीच्या कोपऱ्यात छताला दोन हात कमी, आतून पोकळ, पोटातून जाणारा बोगदा. प्रत्येक पाटीच्या पाठीवर हिरवं बोट.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं सांगायला मलाही जड जातं, पण अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

एका बुधवारी दुपारी मंडळाने जुन्या मांडणीचा एक कोपरा मोडायला काढला. तळघराचा राखणदार कचरा मागच्या अंगणात नेऊन लोखंडी पिंपात जाळत होता. लाकडाच्या फळ्या चांगल्या पेटलेल्या. त्यावर त्याने निळ्या पाटीचा डोंगराचा एक मोठा तुकडा टाकला, दारापेक्षा थोडा लहान. काडीमास्तर सांगायला पुढे झाला, "अरे, तो पेटायचा नाही, नुसता..." आणि वाक्य तिथेच राहिलं. पिंपातून ज्वाळा पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेली. काळाकुट्ट धूर खाली बसला आणि अंगण दिसेना. पिंपाच्या भोकांतून जळते थेंब फरशीवर गळत होते आणि जिथे पडत होते तिथे जळतच होते. राखणदार ओरडत मागे पळाला. सगळं मिळून दोन मिनिटं, फार तर अडीच.

घरी येऊन त्याने त्याच पाटीचा तळहाताएवढा तुकडा घेतला, काडी ओढली. आक्रसला, विझला. दुसरा, तोही विझला. तेव्हा त्याला कळलं. लहान तुकड्याला ज्योतीपासून पळायला जागा असते. मोठ्याला नसते. एक बाजू वितळून मागे सरते तोवर दुसरी तापते, आणि खाली काही पेटलेलं असेल तर सगळंच त्यात कोसळतं. काडी खोटं बोलत नव्हती, काडी फक्त काडीपुरतं खरं सांगत होती. एकतीस वर्षं त्याने बोटभर तुकडे तपासले होते आणि लोक अख्ख्या गादीवर झोपत होते. स्वयंपाकघरातल्या फरशीवर तो बराच वेळ बसून राहिला.

रविवारी तो भावाकडे गेला, सांगायचं असं ठरवूनच. पुतणी स्वयंपाकघरात स्टुलावर उभी राहून पंखा उघडत होती. भावाने दारातच हात धरला.

"ये रे. बघ, झाडं संपली. साठ झाडं. तारेची वेटोळी करून हाताने केली एकेक."

"दादा, जरा डोंगराबद्दल बोलायचं होतं."

"बोल की. पण आधी हे बघ." भावाने बटण दाबलं. गाडी बोगद्यात शिरली, डोंगराच्या पोटात घरघर झाली आणि ती पलीकडून बाहेर आली. भाऊ लहान मुलासारखा हसला. बायको गेल्यानंतर त्याला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. "खालच्या शिवणवाल्या बाई परवा घाबरल्या होत्या. म्हणाल्या, एवढ्या वायरी, एवढं सामान, पेटलं तर? मी म्हटलं, अहो, माझ्या भावाने काडी लावून बघितलंय सगळं. डोंगर पेटत नाही. बघितलंयस ना?"

"हो," काडीमास्तर म्हणाला.

एवढंच. एक अक्षर. जीभ टाळ्याला चिकटली होती म्हणावं तर तसंही नाही, कारण त्यानंतर तो तासभर हवापाण्यावर बोलला. खरी गोष्ट अशी की डोंगर मोडायला सांगायचं म्हणजे भावाचं हसू मोडायचं, आणि त्याबरोबर स्वतःचं एकतीस वर्षांचं नावही. यातलं पहिलं कारण तो स्वतःला सांगत राहिला. दुसरं त्याने मनाच्या तळाशी ढकलून दिलं. भित्रेपणाला माया म्हणणं सोपं असतं, आणि मला त्याचा राग येतो तो इथे.

दुसऱ्या रविवारी तो गेला आणि विषयच काढला नाही. तिसऱ्या रविवारी सर्दीचं निमित्त करून घरीच राहिला. मंगळवारी दुपारी अडीच वाजता भावाचं घर पेटलं.

बोगद्यात वायरीचा एक जोड सैल झाला होता. तो तापला, बोगद्याच्या तोंडाशी राहून गेलेलं जुनं भुशाचं गवत धुमसलं आणि हाताएवढी ज्योत वर आली. भाऊ बोळातल्या पलंगावर होता. उठून बाहेरच्या दाराकडे गेला असता तर बारा पावलं होती. त्याने दार उघडलंसुद्धा, कारण खालची शिवणवाली जिन्यातून ओरडत वर आली होती, "भाऊ, वास येतोय, बाहेर या!" तो दारात उभा राहिला, खांद्यावर टॉवेल. म्हणाला, "काही नाही हो, गवत पेटलंय. विझवतो. डोंगर पेटत नाही." आणि टॉवेल घेऊन आत गेला. शिवणवाली दोन पायऱ्या उतरली नसेल, तोवर आतून काळा धूर आला. ती पुन्हा वर गेली, पण दारापर्यंत पोचू शकली नाही. तिच्या भुवया जळाल्या. भाऊ खोलीच्या उंबऱ्यात सापडला, टॉवेल हातात.

शिवणवालीने हे सगळ्यांना सांगितलं. ऐकणारा प्रत्येक जण म्हणाला, हट्टी होता हो, आयुष्यभर हट्टी. ज्याचा शब्द तो बोलत होता त्याला तो खोटा असल्याचं आधीच कळलं होतं, हे एकट्या काडीमास्तरला ठाऊक होतं. तो मूग गिळून बसला.

पुतणीने मात्र काही गिळलं नाही. तपास अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी जळका जोड चिमट्यात धरून दाखवला होता आणि विचारलं होतं, "वायरिंग कुणी केलं?" ती म्हणाली, "मी." त्या दिवसापासून तिने कामाला हात लावला नाही. लोकांचे फोन यायचे, ती उचलायची नाही. एकदा उचलला, कुणाचा तरी फ्रीज बघायला गेली, वायर सोलायला घेतली आणि हात असा कापायला लागला की तिने पक्कड तिथेच ठेवली आणि निघून आली. जेवण सुटलं. गुरुवारी अकरा वाजता अधिकाऱ्यापुढे तिचा जबाब होता.

बुधवारी संध्याकाळी काडीमास्तर तिच्याकडे गेला. दाराशी हत्यारांची पेटी बांधून ठेवली होती.

"ही कुठे निघाली?"

"एका ओळखीच्याला देतेय. तो चांगलं काम करतो."

"आणि तू?"

"मी काय. उद्या लिहून देणार आहे, जोड मी केला आणि नीट तपासला नाही. माझा परवाना काढून घ्या म्हणून. माझ्या हाताने बाबा गेले, काका. आता मी कुणाच्या घरात वायर जोडू?"

टेबलावर कागद होता, अर्धा लिहिलेला. अक्षर सुरेख, तिच्या आईसारखं. काडीमास्तर खुर्चीत बसला आणि म्हणाला, "जोड तुझा होता. डोंगर माझा होता." मग त्याने पाटीबद्दल सांगितलं. लहान तुकडा कसा विझतो, मोठा कसा पेटतो, गवताची ज्योत डोंगर पाटीचा नसता तर प्लास्टरवरच विझली असती, दादा दारातून परत आत गेला तो कुणाच्या भरवशावर. सांगताना त्याला रडू आलं. त्याने ते आवरलं नाही.

पुतणी उठली, त्याच्या मागे आली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा जरा सैल झाला होता. "काका, तुम्ही आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त काळजी घेत होतात. वीस-वीस वेळा बघायचात. पाटी फसवी निघाली, त्यात तुम्ही काय करणार? तुम्हाला कुठून कळणार होतं?"

इथे गोष्ट संपवता आली असती. दोघांचा जीव भांड्यात पडला असता. तिला अर्धं ओझं उतरल्यासारखं वाटलं असतं, याला रविवारचं जेवण मिळत राहिलं असतं, आणि जगात तिसऱ्या कुणाला काही कळलं नसतं. पिंपाजवळ मंडळातला तो एकटाच होता. राखणदाराला डोंगर आणि फळी यातला फरक ठाऊक नव्हता. काडीमास्तरने खांद्यावरचा तिचा हात क्षणभर तसाच राहू दिला. त्या एका क्षणाबद्दल मी त्याला दोष देत नाही.

मग तो म्हणाला, "मला कळलं होतं."

"काय?"

"आधी. तीन आठवडे आधी. मंडळाच्या अंगणात मोठा तुकडा जळताना बघितला मी."

हात खांद्यावरून निघाला. ती फिरून समोर आली, पण बसली नाही. तिला आरडाओरडा येत नाही. बंद पडलेल्या यंत्राला विचारावं तसं ती एकेक विचारत गेली.

"कुठल्या दिवशी?"

त्याने सांगितलं.

"म्हणजे त्यानंतरच्या रविवारी तुम्ही आमच्याकडे होतात. मी पंखा उघडला होता."

"हो."

"बाबांनी तुम्हाला विचारलं होतं. मला आत ऐकू आलं होतं. बघितलंयस ना, म्हणाले."

"हो."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

ती खिडकीपाशी गेली. खालून कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. ती टेबलाशी परत आली, अर्धा लिहिलेला कागद फाडला, कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि पेन दिलं.

"लिहा. सगळं. तीनही रविवार लिहा."

त्याने लिहिलं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "सर्दी झाली होती असं लिहिलंय. झाली होती का?" त्याने ते खोडलं आणि निमित्त केलं असं लिहिलं.

गुरुवारी अधिकाऱ्याने दोघांना समोर बसवलं. कागद दोनदा वाचला, चष्मा काढला. पुतणीला म्हणाला, "असे सैल जोड हजार घरांत असतात. ज्योत हाताएवढी होती. तुमचे वडील दारातून बाहेर पडले असते तर आज इथे बसलेले असते. परवान्याचा प्रश्नच येत नाही. घरी जा, जेवा." मग काडीमास्तरकडे वळला. "घरातल्या हौशीच्या वस्तूला कुणाची मंजुरी लागत नाही. तुम्ही दिलेला शेरा म्हणजे एका भावाने दुसऱ्या भावाला सांगितलेली गोष्ट. त्यावर माझ्याकडे कलम नाही."

"म्हणजे मला काहीच नाही?"

"काही नाही. जाऊ शकता."

काडीमास्तर उठेना. शिपायाने पुढच्या माणसाला हाक मारली तेव्हा कुठे तो उठला.

बाहेर पायऱ्यांवर पुतणी थांबली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून माझा हात परत चालेल," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही. दुसरंही विसरणार नाही. मला तुमच्याशिवाय कुणी नाही, काका, आणि तुम्ही समोर आलात की मला ते 'हो' ऐकू येतं. रविवारी येऊ नका. मी बोलावेन तेव्हा या."

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतर मंडळात जाऊन त्याने सगळ्यांसमोर हेच सांगितलं, एक शब्द न गाळता. दंतवैद्याने उठून पहिली सुरी घातली आणि दोन दिवसांत सगळे निळे डोंगर निघाले. आता ते जाळीवर प्लास्टर थापून डोंगर करतात, जड होतात, पण करतात. काडीमास्तर तिकडे जात नाही. त्याला काडीमास्तर म्हणणंही लोकांनी सोडलं आहे.

पुतणी कामाला लागली. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानाने तिला ठेवून घेतलं आहे, हात पूर्वीसारखा चालतो असं तो ऐकतो. एकदा रस्त्यापलीकडून पेटी घेऊन जाताना दिसली. जरा भरल्यासारखी वाटली अंगाने. तो झाडामागे थांबला.

आठ महिने झाले, बोलावणं आलेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी त्याचं कपडे धुण्याचं यंत्र बंद पडलं. दुकान जवळ आहे, नंबर पाठ आहे. पण फोन केला तर ते तिलाच पाठवतील, आणि न बोलावता तिच्यापुढे जाणार नाही असं तो कबूल करून बसला आहे. तो बादलीत कपडे भिजवतो आणि हाताने धुतो.